आशिया खंड आणि अक्काचा दोर

५ जानेवारी, रविवार

दोर किलोवर विकणाऱ्या संस्कृतीचं भवितव्य मला उज्ज्वल दिसत नाही. आज चोपड्याच्या बाजारात तीन दुकानांत विचारलं, "सुती दोर, पाच हात." तिन्ही ठिकाणी एकच प्रतिप्रश्न : किती किलो? मी म्हणालो, लांबी वजनाने कशी मोजायची? तुमची उंची कुणी विचारली तर तुम्ही काट्यावर उभे राहता का? दुकानदार म्हणाला, "भाऊ, तुम्ही पेपरवाले ना?" आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. अखेर संस्कृतात एम.ए. झालेल्या, चोपन्न वर्षांच्या, एका जिल्हा दैनिकाच्या तालुका प्रतिनिधीने भर रस्त्यात उकिडवं बसून कोपरापासून बोटापर्यंत पाच वेळा दोर मोजला. ओळखीचे दोन शिक्षक उभे राहून बघत होते. बातमी होण्याची भीती नाही, कारण तालुक्याचा बातमीदार मीच.

दोर अक्कासाठी. बेबाअक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली. मला शब्दरूपं पाठ करायला बसवणारी हीच. स्वतः चौथी शिकलेली, पण 'रामः रामौ' चुकलं की भाकरी थापता थापता तिला कळायचं. मोहखेड्याच्या शिवारात, सातपुड्याच्या पायथ्याशी, मळ्यातल्या घरात एकटी राहते. दाजी जाऊन नऊ वर्षं झाली. भाचा भूपेंद्र सुरतेला असतो आणि दर महिन्याला "आई, आता इकडे ये" म्हणतो. तिचं उत्तर ठरलेलं : "इहिरमा पानी शे तवपावत मी आठेच."

विहिरीत पाणी आहे तोवर इथेच, हा तिचा हट्ट; पण ते पाणी यंदा जरा उतरलंय, म्हणून दोराला जोड हवी होती. नायलॉनचा चालत नाही, हात कापतो म्हणते.

८ जानेवारी

जळगावच्या कचेरीतून भूमिकाबाईंचा फोन. विद्यार्थ्यांच्या पानाच्या त्या प्रमुख. वय माझ्या नोकरीपेक्षा कमी. "सर, भूगोलाचे सर नाशिकला बदलून गेले. 'आशिया : भूरचना आणि नैसर्गिक संपत्ती', बारा भाग, दर शनिवारी; जाहिराती आल्या तर एखादा शनिवार सुटेल. तुम्ही लिहाल ना?"

मी म्हटलं, "बाई, मी शिकलो त्या भूगोलात जंबुद्वीपाभोवती खारा समुद्र असतो, मग उसाच्या रसाचा, मग तुपाचा, दह्याचा, दुधाचा."

"सर, तसं नको. पाचवी ते आठवीची मुलं आहेत."

म्हणजे मुलांना दह्याचा समुद्र नको, गोबीचं वाळवंट हवं. काळ बदलला. मी हो म्हणालो. वाचनालयातून जुनी तीन पुस्तकं आणली. एकात सोव्हिएत संघ अजून शाबूत आहे.

२२ जानेवारी

हिमालय, सैबेरियाची अरण्यं आणि अरबस्तानचं तेल उरकून चौथ्या भागात भूजलावर आलो. भूमिकाबाईंची सूचना : "सर, एखादं आपल्याकडचं उदाहरण टाका, मुलांना जवळचं वाटतं."

जुन्या पुस्तकात सापडलं. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांनी पायथ्याशी दगडगोटे आणि वाळूचे जाड थर आणून टाकलेत, पावसाचं पाणी तिथे मुरतं, खाली मोठा साठा आहे. 'मोठा' हा शब्द वाक्यात लंगडत होता. मी लिहिलं : "सातपुड्याच्या चरणांशी भूमातेने जलाचा अक्षय निधी जपून ठेवला आहे." मोठ्याने वाचलं. डौलदार झालंय. बायको, सारिका, स्वयंपाकघरातून म्हणाली, "भाषण आहे का कुठे?" माझ्या गद्याची एवढी कदर या घरात पुरेशी आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

मोहखेड्याला जाऊन आलो. अक्काच्या बांधाला लागून पितांबरची केळी आहे. दाजींचा चुलतभाऊ, स्वभावाने गरीब, देहाने दांडगा. माझ्या लेखाचं कात्रण त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवलं होतं. ते बाहेर काढून त्याने विचारलं, "नवलभाऊ, हाई तुमीच लिखेल शे ना?"

"मीच."

"अक्षय म्हंजे?"

"जे कधी संपत नाही ते."

"मंग मी बोअर मारू का? मनी इहिर दोनच घंटा चालस. केळीले पुरत नही."

त्याच्या चेहऱ्यावर विद्यार्थ्याची श्रद्धा पाहून मला थट्टा सुचली. मी हात उंचावून, गंभीर आवाजात म्हणालो, "पितांबरा, छापून आलेलं ते शास्त्रवचन. त्यावर संशय घेणाऱ्याला तर्कटी म्हणतात." तो खो खो हसला. मीही हसलो. अक्का हसली नाही. ती तूर पाखडत होती. बहुधा तिला सुपाच्या आवाजात ऐकू आलं नसावं.

१७ फेब्रुवारी

पितांबरच्या बोअरला पाणी लागलं! चारशे ऐंशी फुटांवर. यंत्राच्या तोंडातून आधी पिवळी धूळ, मग गोटे, मग करडा चिखल, आणि मग एकदम दोन पुरुष उंचीचा फवारा. पोरं भिजली, बाया लांबून हसल्या, पितांबरने नारळ फोडला आणि त्याच नारळाची अर्धी वाटी घेऊन माझ्याकडे आला. खांद्यावर शाल घातली. गावातले चार लोक मला 'पाणीवाले नवलभाऊ' म्हणू लागले. जन्मभर व्याकरण केलं तेव्हा कुणी उपरणंही घातलं नाही. लेखाचं कात्रण पितांबरने लॅमिनेट करून मोटारीच्या खोलीत गणपतीच्या तसबिरीखाली लावलंय. गणपतीची काही हरकत दिसली नाही.

अक्का बांधावर उभी राहून बघत होती. मला म्हणाली, "इतलं पानी कोठून उनं रे, नवल?"

"खालून, अक्का."

"खाले त मनी इहिर बी शे."

तिला प्रत्येक गोष्टीत स्वतःच्या घराची तुलना करायची सवय आहे. मी म्हटलं, तुझी विहीर म्हणजे तांब्या, त्याचा बोअर म्हणजे रांजण. ती म्हणाली, "बरं," आणि पाहुण्यांसाठी चहा ठेवायला गेली.

२ मार्च, रविवार

अक्काचा फोन : येताना आठ हात दोर आण. मी म्हटलं, आता कशाला? म्हणाली, खाट विणायची आहे. पुन्हा तोच दुकानदार, पुन्हा तेच किलो, पुन्हा रस्त्यात उकिडवं बसणं. यावेळी शिक्षक तीन होते.

घरी सारिका म्हणाली, "खाट तर त्यांनी मागच्या उन्हाळ्यातच विणून घेतली ना?"

मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसांना हातांना काम हवं असतं. सारिकाने माझ्याकडे पाहिलं, पण पोळी करपत होती.

पितांबरचं पाहून मोहखेड्यात आणखी तीन बोअर झाले. दोघांनी मला मुहूर्ताला बोलावलं. एकाकडे गेलो.

१६ मार्च, रविवार

काल नववा भाग छापून आला : अरल समुद्र. मध्य आशियात एक एवढा मोठा जलाशय होता की त्याला समुद्र म्हणत. त्याला मिळणाऱ्या दोन नद्यांचं पाणी कपाशीसाठी कालव्यांत वळवलं, आणि दोन पिढ्यांत समुद्राचा बराचसा भाग वाळू झाला. जिथे मासे धरायचे तिथे आज वाळूत गंजलेली जहाजं उभी आहेत. लेखाचा शेवट मला साधला, असं माझं नम्र मत आहे.

अक्काला वाचून दाखवला. ती कपाशीच्या पऱ्हाट्या मोडत होती, ऐकताना थांबली.

"बठ्ठं पानी कपाशीले दिधं?"

"हो."

"आनि तठला लोके? त्या कोठे गयात?"

मी पुस्तकात शोधलेलं नव्हतं. म्हणालो, "गेले असतील शहरात, कामधंदा बघायला."

"त्यासले कोन्ही सांगं नही का, पानी सरी ऱ्हायनं म्हनीसन?"

"पाणी संपतंय हे सांगितलं असेल, अक्का. सरकारी काम होतं."

ती पुन्हा पऱ्हाट्या मोडू लागली. मग म्हणाली, "चांगलं लिखस तू." चौथी शिकलेल्या वाचकाकडून आलेली ही दाद मी भूमिकाबाईंना कळवणार आहे.

चहा घेताना पाण्याला किंचित मातकट वास आला. घागर घासायला झाली असावी. तसं सांगितलं, तर हसून म्हणाली, "व्हई, घासनी पडी."

३१ मार्च

काल पाडव्याला अक्काने पुन्हा दोर मागितला. दहा हात! कारण : म्हशीला लांब बांधायची. तिच्याकडे म्हैस एकच आहे. मी फोनवर म्हणालो, "अक्का, म्हैस बांधायची आहे की गुंडाळायची?" ती इतकी हसली की खोकला आला.

आज नेऊन दिला. म्हैस नेहमीच्याच आखूड दाव्याला होती. विचारलं तर म्हणाली, उद्या बांधते. तिच्या उजव्या तळहाताला चिंधी गुंडाळलेली. विळा लागला म्हणे.

९ एप्रिल

शेवटचा, बारावा भाग पाठवला : बैकल सरोवर. पृथ्वीच्या पाठीवरच्या, न गोठलेल्या गोड्या पाण्यापैकी सुमारे पाचवा हिस्सा एका सरोवरात. पाठवून झाल्यावर उगाच रितं वाटलं. तीन महिने खंडभर हिंडलो आणि तालुक्याबाहेर पाऊल पडलं नाही.

मोहखेड्यात आता सात बोअर झालेत. सकाळी मळ्यात गेलं की सगळीकडून मोटारींचा आवाज येतो, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा.

३० एप्रिल, आखाजी

जे पाहिलं ते पाहिलं त्या क्रमाने लिहितो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला माहेरी आणायचं, मग ती सदुसष्ट वर्षांची का असेना. सकाळी नऊला मी मोहखेड्याला पोचलो. अक्काची रीत अशी की आधी दाजींच्या नावाने मातीची नवी घागर घरच्या विहिरीच्या पाण्याने भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा, आणि मगच माझ्या गाडीवर बसायचं. घागर पाटावर मांडलेली होती. डांगर मात्र शेजारी, जमिनीवर.

"अजून भरली नाही?"

"भरेल शे."

मी आत डोकावलो. घागर अर्धीच होती. पाणी गढूळ, तळाशी गाळ बसलेला.

"अक्का, हे काय?"

ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, "तीन दिननं पानी शे. निवाडीसन, फडक्यातून गाळीसन ठेयं. तुना दाजीले तसंबी पानी कमीच लागे."

मी बाहेर गेलो आणि विहिरीवर बादली सोडली. दोर हातातून जाऊ लागला. आधी काही वेळ नुसता दोर. मग लाल चिंध्या आल्या. ही दाजींची पद्धत. दर आखाजीला घागरीचं पाणी काढताना, बादली पाण्याला टेकली की दोराला काठाशी एक लाल चिंधी बांधायची. दोर कुजून बदलला तरी जुन्याशी ताडून चिंध्या नव्यावर पुन्हा त्याच जागी. दाजी गेल्यावर अक्काने ते चालू ठेवलं. मला हे लहानपणापासून ठाऊक आहे. मला वाटायचं, दृष्ट लागू नये म्हणून बांधतात.

पहिल्या वीसेक चिंध्या एकमेकींना चिकटून, घोस केल्यासारख्या. नंतर दोन चिंध्यांत वीतभर अंतर. मग हातभर. मग गेल्या वर्षीची चिंधी गेली. ती गेल्यावर माझी गाठ आली, जानेवारीतली, पाच हातांची. मग दुसरी गाठ, खाटेची. मग तिसरी, म्हशीची. दोराचं शेवटचं टोक रहाटापाशी आलं तेव्हा खालून आवाज आला, ओल्या मातीवर पायताण आपटावं तसा. बादली वर ओढली. तळाशी ओंजळभर चिखल.

तेवीस हात दोर मी स्वतःच्या कोपराने मोजून आणला होता.

अक्का दारात उभी होती. तिने तळहाताची चिंधी सोडून ठेवली होती. विळ्याची जखम अशी आडवी, चार बोटांच्या मुळांतून जात नाही.

मी म्हणालो, "सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तुले शाल घालेल व्हती लोकेसनी. इतला वरीसमा पहिली डाव कोन्ही तुले मान दिधा."

मग पदराने हात पुसत म्हणाली, "आनि पितांबरनी केळी बी देख ना. कितली हिरवी शे."

डांगर मी उचलून घागरीवर ठेवलं. अर्ध्या घागरीवर ते नीट बसलं. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळलं नसतं.

तिला घरी आणलं. सारिकाने तिच्या हाताला हळद लावली.

२ मे

भूमिकाबाईंना फोन केला. म्हटलं, चौथ्या भागात एक चूक आहे, दुरुस्ती छापायची आहे.

"कोणती, सर? एखादी नदी चुकली का?"

"एक विशेषण."

"सर, शाळांना सुट्ट्या लागल्या. पान जूनपर्यंत बंद आहे. आणि विशेषणाची दुरुस्ती कोण छापतं?"

"मग बातमी घ्या. मोहखेड्यात तीन महिन्यांत सात बोअर, जुन्या विहिरी कोरड्या."

"किती विहिरी, सर? आकडा हवा."

मला एकच ठाऊक होती. म्हणालो, मोजून सांगतो.

दुपारी अक्काला सोडायला गेलो आणि विहिरी मोजत फिरलो. पितांबरच्या बोअरभोवती हाकेच्या अंतरात नऊ. दोनच ओल्या. पितांबर मोटारीच्या खोलीत होता. मी त्याला सगळं सांगितलं. शब्द माझा होता, पुस्तकाचा नव्हता, आणि शास्त्रवचन म्हणालो ती थट्टा होती, हेही. त्याने कात्रणाकडे बोट केलं.

"मंग हाई खोटं शे?"

"साठा होता. संपणार नाही, हे मी माझ्या मनाने लिहिलं."

"माले वाटनं, तुमी इतलं शिकेल... तपासीसनच लिखेल व्हई." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "आते बंद करू का मोटार? मी एकला बंद करसू, पन त्या सहा जन?"

मग स्वतःच उठला आणि नळी ओढत अक्काच्या अंगणापर्यंत आणली. "वहिनी, आजपाईन तुमनं पानी मना बोअरवरून. रोज."

अक्काने म्हशीची टाकी भरून घेतली. त्याला चहा दिला. म्हणाली, "तू भला शे, पितांबर. पन हाई पानी बी तठलंच शे ना रे? एकच तांब्या, दोन तोंडं."

तांब्या आणि रांजणाची गोष्ट मी तिला सांगितली होती. तिने ती दुरुस्त करून परत दिली.

कात्रण गणपतीखालून काढू का, असं मी विचारलं. पितांबर म्हणाला, राहू द्या, तेथे ओल आहे, आपोआप निघेल.

११ मे, रविवार

नऊ विहिरींची बातमी आज आली. पान सातवर, चार ओळी, शीर्षक 'उन्हाळ्याची तीव्रता वाढली'. 'अक्षय' हा शब्द माझाच होता, ही ओळ मी शेवटी घातली होती. जागेअभावी कापली गेली.

मी तीन महिने एका खंडाचे पर्वत, नद्या, तेल, कोळसा आणि सरोवरं लिहीत होतो. त्या काळात एक बाई चौदा किलोमीटरवर रोज विहिरीत दोर सोडून पाण्याची खोली मोजत होती आणि मला दोर आणायला सांगत होती. मला तो दोर वाटला.

आज तिचा फोन आला. सारिकाच्या गुडघ्याची चौकशी केली. भूपेंद्र काय म्हणतो ते सांगितलं. पितांबरचा घड कापायला आलाय म्हणाली. मी वाट बघत होतो. शेवटी मीच विचारलं, "अक्का, दोर आणू का?"

"नको रे. आते कसाले?"

मग म्हणाली, "अमळनेरहून सुरतले दिवसनी गाडी कोनती शे, तेवढं देखी ठेव."

मी बघतो म्हणालो. वेळापत्रक समोर उघडं आहे, अर्ध्या तासापासून. गाडी सापडली आहे. तिला अजून कळवलेली नाही. ती जाईल, याची मला भीती वाटते.